गाडी उचलण्याचा इतिहास (व्हाया कन्नड घाट)

आमच्याकडे 'गाडी उचलली' या वाक्याचे किमान तीन अर्थ होतात. शोरूममधून नवी गाडी घेतली की ती 'उचलली'. हप्ते थकले आणि फायनान्सवाले घेऊन गेले, तरी 'उचलली'च. आणि पुण्यात राहत असाल तर तिसरा अर्थ सांगायला नको, नो पार्किंगमध्ये तो कधी ना कधी प्रत्येकाच्या वाट्याला येतो :) माझ्या चाळीसगावच्या चुलतभावाने यात चौथ्या अर्थाची भर घातली. त्याचं म्हणणं, "दादा, गाडी दोन इंच उचलनी शे. तुले काय वाटस?"

म्हणजे लिफ्ट किट. गाडीच्या सस्पेन्शनमध्ये काहीतरी घालून बॉडी जमिनीपासून वर न्यायची. भाऊ तालुक्यात शेती करतो. कापूस, कांदा, थोडी लिंबं. त्याच्याकडे एक डिझेल पिकअप आहे, सहा-सात वर्षं वापरलेली, पुढे-मागे दोन्हीकडे पाटे (लीफ स्प्रिंगला आमच्याकडचे सगळे मिस्त्री पाटेच म्हणतात). शेतातून माल काढायचा, आठवड्यातून दोनदा कन्नड घाट चढून छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात न्यायचा आणि येताना खत नाहीतर कुणाचं तरी भाडं भरून तोच घाट उतरायचा, हा त्याचा कार्यक्रम. तक्रार अशी की शेताच्या पाणंदीत मधल्या उंचवट्याला गाडीचं हौजिंग घासतं आणि माल भरला की सायलेन्सरही टेकतो. त्याने तीन किटचे फोटो पाठवले होते. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांच्या किमतीत जवळजवळ दहापट फरक.

आता मी डिग्रीने मेकॅनिकल आणि पोटापाण्याने जावावाला. नोकरीला लागल्यापासून माझा ज्या सस्पेन्शनशी संबंध आला ते थ्रेडचं सस्पेन्शन. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कोणतं किट घ्यावं याच्याही आधीचा एक प्रश्न आहे: गाडीची उंची मुळात ठरवतं कोण? आणि खानदेशात हा प्रश्न मोटार यायच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

नकाशा डोळ्यासमोर आणा. उत्तरेला गिरणा आणि तापीचं काळ्या मातीचं सपाट खोरं, दक्षिणेला सातमाळ्याची भिंत आणि त्या भिंतीवर मराठवाड्याचं पठार. चाळीसगाव बरोबर या भिंतीच्या पायाशी. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला आणि जॉन ब्रिग्ज पहिला कलेक्टर झाला, त्या काळात लांबचा माल गाडीवरून फारसा जातच नव्हता. तो जायचा बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर. धान्य, मीठ, कापूस, सगळं गोणीत घालून बैलावर लादायचं आणि शेकडो बैलांचा तांडा घाटातून चढवायचा. (तालुक्यात आजही तांडे आहेत.) जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा: बैलाला चार स्वतंत्र पाय, प्रत्येक पाय हवा तिथे टेकतो, पोट जमिनीपासून चांगलं उंच. याला म्हणतात इंडिपेंडंट सस्पेन्शन! वजन मात्र बेताचंच उचलतो, ही एकच अडचण.

गाड्या होत्या, नव्हत्या असं नाही. पण त्या काळी दख्खनमधल्या गाड्यांची चाकं बहुतेक भरीव असायची, लाकडाची किंवा चक्क दगडाची. अशी गाडी गावाच्या शिवारात शेणखत वाहायला ठीक, घाटाचं नाव काढायचं नाही. १८३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला गेसफर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हलक्या बैलगाड्या बनवायचा कारखाना काढला. आऱ्यांची उंच चाकं, बाहेरून लोखंडी धाव. दख्खनमध्ये हलकी गाडी पसरायला अशी सुरुवात झाली. आपण आज जिला 'पारंपरिक बैलगाडी' म्हणून लग्नाच्या हॉलबाहेर उभी करतो, तिच्यात कंपनी सरकारच्या एका तोफखान्यातल्या माणसाचाही हात आहे, हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

या गाडीची उंची बघण्यासारखी आहे. चाक सुमारे पाच फुटांचं, म्हणजे आस जमिनीपासून अडीच फुटांवर. भावाच्या पिकअपचं हौजिंग जमिनीपासून जेमतेम वीस सेंटिमीटर आहे. बैलगाडीचं चाक जवळजवळ चौपट उंचीवरून चिखल बघतं! आणि हे सगळं एकही स्प्रिंग न लावता. गाव-सुताराने उंचीचा प्रश्न चाक मोठं करून सोडवला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाक म्हटल्यावर आमच्या तालुक्याची एक फुशारकी मारून घेतो. चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवर पाटणादेवी आहे. तिथल्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्यांनी एका चाकाचं वर्णन केलंय, पोकळ आऱ्यांत पारा भरलेलं, एकदा फिरवलं की आपोआप फिरतच राहणारं. असं चाक फिरत नसतं हे आता आपल्याला माहीत आहे. पण डिझेल भरताना मीटरचा काटा बघितला की आचार्यांची आठवण येते खरी. असो.

घाटाकडे परत. १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. त्याला त्या वेळी पुरती तेवीस वर्षंही झाली नव्हती. पुढे १८५७ मध्ये लखनौला गाजला तोच हा. त्याचं नाव या घाटाला चिकटलं, म्हणून कागदोपत्री तो औट्रम घाट आणि आमच्या तोंडी कन्नड घाट. मग १८६० च्या दशकात रेल्वे आली. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी चालू होती (१८६१ ते १८६५), तिथला कापूस बंद पडला आणि खानदेशी कापसाला इंग्लंडमधून एकदम भाव आला. आता कापूस बैलाच्या पाठीवरून मुंबईपर्यंत न्यायची गरज नव्हती, स्टेशनपर्यंत पोचला की झालं. १९०० मध्ये चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला आणि गाव जंक्शन झालं.

रेल्वेने बैलगाडी संपवली असं आपण समजतो. झालं उलटच. स्टेशनपर्यंतचा तो शेवटचा दहा-वीस मैलांचा पट्टा सगळा बैलगाड्यांनी भरून गेला. आणि काळ्या मातीत एकामागून एक गाड्या गेल्या की काय होतं? चाकोरी पडते. आपण मीटिंगमध्ये बसून 'चाकोरीबाहेरचा विचार' वगैरे म्हणतो ना, ती ही खरीखुरी चाकोरी. चाकांनी कापलेले दोन समांतर चर आणि मधे बैलांच्या खुरांनी दाबलेली, गवत उगवलेली पट्टी. अडीच फुटांवर आस असलेल्या गाडीला त्या मधल्या पट्टीचं काही देणंघेणं नव्हतं. ती कितीही वाढली तरी गाडी वरून निघून जायची. भावाच्या पिकअपचं हौजिंग घासतं ते याच पट्टीला. पाणंद तीच, चर तेच, फक्त चाक पाच फुटांवरून सव्वादोन फुटांवर आलंय.

स्प्रिंगची गोष्ट वेगळ्याच वाटेने आली. लंडनमध्ये १८०४ च्या सुमाराला ओबाडाया इलियट नावाच्या कारागिराने बग्गीसाठी पोलादी पाट्यांची लंबवर्तुळाकार स्प्रिंग काढली. बग्गी पळायची, बैलगाडी पळत नाही, आणि सगळा फरक इथे आहे. वेग दुप्पट केला तर खड्ड्यातल्या दणक्याची ऊर्जा चौपट होते. चालत्या माणसाच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला स्प्रिंग म्हणजे चैन, घोडागाडीला आणि मोटारीला मात्र ती हवीच. म्हणजे बघा, स्प्रिंग उंचीसाठी आलीच नव्हती. ती वेगासाठी आली. उंची तिला आपण नंतर चिकटवली.

आणि मग जीप. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली, त्यात एक अट होती की गाडी बुटकी हवी, शत्रूला दुरून दिसता कामा नये. तो बुटकेपणा जीपच्या खालपर्यंत उतरलेला आहे, तिचे पाटे ॲक्सलच्या खालून गेलेत. पाटे खाली, म्हणजे चासी खाली, म्हणजे गाडी खाली. युद्ध संपलं. १९४५ मध्ये लुधियानात 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाने सुरू झालेली कंपनी फाळणीनंतर 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी होऊ लागली. पुढे कित्येक दशकं आपल्याकडच्या जीपांचे पाटे तसेच ॲक्सलखाली राहिले. नॉर्मंडीत लपण्यासाठी ठरवलेली उंची घेऊन या गाड्या पारोळा आणि भडगावच्या रस्त्यांवर फिरल्या! ऑफ-रोडिंगवाली मंडळी जुन्या जीपचे पाटे ॲक्सलच्या वर घेतात, ज्याला ते 'स्प्रिंग ओव्हर' म्हणतात, त्याने गाडी एका झटक्यात चार-पाच इंच वर जाते. हौशी लोकांना ते फार मोठं मॉडिफिकेशन वाटतं. खरं म्हणजे एका जुन्या लष्करी अटीची ती उशिरा केलेली दुरुस्ती आहे.

माझ्या लहानपणी चाळीसगाव स्टँडबाहेर काळ्या-पिवळ्या जीपा उभ्या असायच्या. नऊ माणसांचं परमिट आणि सोळा माणसं आत. वर टपावर बोचकी, मागे फुटबोर्डवर लोंबकळणारे वेगळे. या गाड्यांचे पाटे थोड्या दिवसांत सपाट व्हायचे, कधीकधी उलटे वाकायचे. मग त्या पाटेवाल्याकडे जायच्या. तो यू-बोल्ट सोडवायचा, पाटे भट्टीत तापवून ठोकून पुन्हा कमान द्यायचा आणि वर 'एक पाटा वाढवायचा'. ही खानदेशची लिफ्ट किट. कुणाला गाडी उंच दिसायला नको होती. भरल्यावर ती सरळ दिसावी एवढंच हवं होतं. रिकामी असताना मागून टपोऱ्यासारखी वर उठलेली दिसायची आणि खड्ड्यात गेली की आतल्या माणसाचं डोकं टपाला लागायचं, ही त्याची किंमत.

पाटा वाढवला की नेमकं काय होतं, ते कॉलेजात शिकवतात पण असं सांगत नाहीत. सारख्या जाडीचे पाच पाटे असतील आणि सहावा घातला, तर स्प्रिंग साधारण वीस टक्के कडक होते. इथवर ठीक. पण पाट्याची जाडी वाढवली तर हिशेब घनात जातो. आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा पाटा टाकला की त्याचा कडकपणा जवळजवळ दुप्पट! म्हणून 'जरा जाडसर टाक' असं मिस्त्रीला सहज सांगणारा माणूस काय मागतोय हे त्याचं त्याला माहीत नसतं.

बाहेरच्या जगात लिफ्ट किटला धंद्याचं रूप आलं ते १९७० च्या दशकात. १९७५ मध्ये मेलबर्नला एआरबी कंपनी सुरू झाली. आज तिच्याकडे असलेला 'ओल्ड मॅन इमू' हा सस्पेन्शनचा ब्रँड जगभरच्या पिकअपवाल्यांना माहीत असतो. ऑस्ट्रेलियात कारण समजण्यासारखं होतं, शेकडो किलोमीटर कच्चा रस्ता आणि गाडीत आठवड्याचं सामान. म्हणजे आमच्या पाटेवाल्याचीच केस, फक्त चकचकीत डब्यात. अमेरिकेत मात्र त्याचं वेगळंच झालं. मिसुरीतल्या बॉब चँडलर नावाच्या माणसाने आपली फोर्ड पिकअप इतकी उचलली, इतकी उचलली की १९८१ मध्ये ती इतर गाड्यांच्या टपांवरून चालवून दाखवली. 'बिगफूट' हे तिचं नाव. तिथून उंच पिकअप ही रुबाबाची गोष्ट झाली. आपल्याकडे २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स, आणि पुण्यात वीकेंडला उचललेल्या पिकअप दिसायला लागल्या. भावाला पाठवलेले फोटो हे त्याच झाडाचं फळ.

आता त्या तीन किटांकडे येतो.

पहिलं आणि स्वस्त, ब्लॉक. मागचा पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा आणि लांब यू-बोल्टने आवळायचा. काम तासाभराचं. पण ब्रेक मारला की ॲक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो आणि ठोकळ्यामुळे त्याला जास्त लांब दांडा मिळतो. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळले जातात आणि प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस लवकर जातो. आणि पुढच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या ॲक्सलखाली तर ठोकळा कधीच घालू नये. विकणाऱ्याने पुढच्यासाठीही 'चालतो' म्हणून सांगितलं होतं. (दुकानाचं नाव नको.) दुसरं, वाढीव पाट्याचं किट, त्याच्याबद्दल वर लिहिलंच. तिसरं, पूर्ण संच: नवे पाटे, लांब शॉकअप, नवे बुश, शॅकल. यातलं हेच काय ते नीट विचार करून बनवलेलं, आणि म्हणूनच महाग. हायलक्स किंवा व्ही-क्रॉस असती तर पुढे कॉइल स्प्रिंग आल्या असत्या आणि फोर बाय फोरला ड्राइव्ह शाफ्टचे कोन सांभाळायचं आणखी एक दुखणं. भावाची गाडी त्या मानाने साधी.

पण तिन्ही किटांत एक गोष्ट समान आहे आणि ती कुठल्याच डब्यावर लिहिलेली नसते. सस्पेन्शन उचललं की बॉडी आणि चासी वर जातात. हौजिंग तिथेच राहतं! हौजिंग ॲक्सलला आहे, ॲक्सल चाकावर आहे. ते वर न्यायचं तर चाकच मोठं लागतं. गाव-सुताराला हे माहीत होतं. भाऊ पैसे घालून गाडी दोन इंच उचलणार आणि पाणंदीत हौजिंग तसंच घासणार. बरं, टायर मोठं घ्यावं तर? त्याच्या गाडीला २१५/७५ आर १५ आहे, व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. २३५/७५ घेतलं तर ७३३. तीस मिलिमीटर वाढले, पण हौजिंग उठणार त्याच्या निम्मं, पंधरा मिलिमीटर. आणि मीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टच्या वर असेल. पंधरा मिलिमीटर म्हणजे एका बोटाची रुंदी.

आणि आता घाट. मला खरी भीती त्याचीच होती. एखाद्या गाडीचा ट्रॅक दीड मीटर धरा, गुरुत्वमध्य पाऊण मीटरवर. ट्रॅकला उंचीच्या दुपटीने भागलं की आकडा येतो १.०. आता पाच सेंटिमीटर वर न्या, तो ०.९४ होतो. हा आकडा जितका लहान तितकी वळणावर कलंडायला सोपी. आणि हे रिकाम्या गाडीचं. कापूस भरला म्हणजे टपाच्या कितीतरी वर माल जातो, उंची आणखी वाढते.

त्याहून वाईट गोष्ट ब्रेकची. बऱ्याच मालवाहू पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक झडप असते, मिस्त्री तिला एलएसपीव्ही म्हणतात. चासी आणि ॲक्सल यांच्यात एक छोटी दांडी. माल भरला, चासी खाली बसली, की दांडी हलते आणि झडप मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. गाडी रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये. किती साधी आणि किती हुशार युक्ती! आता सस्पेन्शन दोन इंच उचला. झडपेला वाटणार गाडी रिकामी आहे. वर दीड टन खत, खाली कन्नड घाटाचा उतार, आणि मागचे ब्रेक समजतात की गाडीत काही नाही. पुढचे लायनर तापणार, उतारभर. दांडी नव्याने लावून घेता येते, पण किट बसवणाऱ्या दोघांना फोन करून विचारलं तर त्यातल्या एकाला ही झडप काय ते माहीत नव्हतं.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण ऑफिसातल्या बऱ्याच जणांना ते नवीन वाटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. दंडाचं एक वेळ जाऊ द्या. घाटात काही झालं तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं निमित्त.

भावाचा शेवटचा मुद्दा होता, "आनि पूर उना तं?" (आणि पूर आला तर?) हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. रात्रभर डोंगरात पाऊस कोसळला, घाटात दरडी आल्या, गाड्या अडकल्या, डोंगरी आणि तितूर नद्यांनी गावं आणि बाजारपेठ पाण्याखाली घातली, गोठ्यातली बांधलेली गुरं वाहून गेली. तो दिवस ज्याने पाहिला त्याला दोन इंच म्हणजे बरंच काही वाटणार. पण वाहत्या पाण्यात साधारण फूटभर पाणी छोट्या गाड्या तरंगवायला पुरतं आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. दोन फुटांच्या हिशेबात दोन इंच काय करणार? उलट उंच गाडी आहे म्हणून माणूस पुलावर घालतो, हा धोका जास्त.

मग शनिवारी गावी जाऊन आम्ही टेप काढली. मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत मोजलं. गल्लीतच त्याच मॉडेलची वर्षभरापूर्वी घेतलेली गाडी उभी होती, तिचंही मोजलं. भावाची गाडी मागे चार सेंटिमीटर आणि पुढे दोन सेंटिमीटर खाली बसलेली! सायलेन्सर का टेकतो ते कळलं. ज्या दोन इंचांसाठी किट घ्यायचं चाललं होतं, त्यातले बरेचसे गाडीचे स्वतःचेच होते, सहा-सात वर्षांत हरवलेले. ते कुठे गेले याचं उत्तरही घाटातच आहे. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने या घाटातून जड वाहनांना बंदी घातली. रोजच्या कोंडीने लोक मेटाकुटीला आले होते, त्यामुळे बंदीचं कुणाला वाईट वाटलं नाही. पण भावाला मिळणारी भाडी त्यानंतर एकदम वाढली. ट्रकचा माल पिकअपवर आला आणि पाट्यांनी तो मुकाट सोसला.

धुळे रोडला एक म्हातारे पाटेवाले आहेत. काळ्या-पिवळ्यांच्या जमान्यापासूनचे. त्यांनी खाली वाकून बॅटरी मारली आणि तापवून कमान द्यायला साफ नकार दिला. "तापवलेला पाटा सहा महिन्यांत परत बसतो भाऊ, मूळ मापाचे नवीन टाका." तसंच केलं. मूळ मापाचे पाटे, बुश, यू-बोल्ट, आणि झडपेची दांडी पुस्तकात दिलेल्या मापाला. टायर त्याच मापाचे नवे. सगळं मिळून मधल्या किटच्या आसपास खर्च आला. सायलेन्सर आता टेकत नाही, निदान ठरलेलं वजन भरेपर्यंत. त्याच्या पुढे भरू नको हे मी सांगितलं, काकूंनी सांगितलं, पाटेवाल्यांनीही सांगितलं. बघू.

राहिलं हौजिंग. पाणंदीला लागून पाच जणांची शेतं आहेत आणि त्यातल्या दोघांचं बांधावरून बोलणं बंद होतं. सरकारची मातोश्री पाणंद योजना २०२१ पासून आहे, पण रस्त्याचं काम यायचं तेव्हा येईल. भावाने तिघांना तयार केलं, चौथ्याला त्याच्या मुलाने आणि पाचव्याला दोन कप चहाने. एका संध्याकाळी ट्रॅक्टरला आधी कल्टिव्हेटर लावून मधली पट्टी मोकळी केली आणि मग फळी मारून ती माती दोन्ही चरांत ओढली. साधारण सहाशे मीटर, तीन तास, डिझेल पाच जणांत वाटून. पट्टी एकदा भिजून दाबली गेली की परत चर पडणार, कारण चाकं तिथूनच जाणार आहेत. तेव्हा दर पोळ्यानंतर जमीन वाफशावर आली की पुन्हा फळी मारायची असं ठरलंय, आणि ट्रॅक्टर पुढच्या वर्षी त्या न बोलणाऱ्यांपैकी एकाचा.